हातचा एक

लिएपायात वारा दार वाजवत नाही, थेट आत येतो,
म्हणून तार कापायच्या आधी मी खिडकीच्या फटीत
आइनार्सचा जुना लोकरी मोजा कोंबते.
मग टेबलावरचे ब्रेडचे कण पुसायचे.
एखादा कण वेढ्याखाली राहिला की तो वेढा मान वर काढतो
आणि त्याच्या मागचे सगळेच उर्मट निघतात.

कडी ठेवते माशांच्या रिकाम्या डब्यांत,
लाल एकात, पिवळी दुसऱ्यात.
कितीही धुवा, धुरकट वास राहतोच.
पोर्तुगालच्या किंताश आजोबांनी कळवलं होतं,
बाई, तुमच्या कॉइलला स्प्रॅटचा वास येतो,
माझ्या रेडिओवर मांजर चढून बसलंय.
पैसे त्याच दिवशी आले.
आणि पुन्हा बारांची ऑर्डर.

धोटा आइसक्रीमच्या काडीचा. दोन्ही टोकांना खाच,
त्यावर तांब्याची तार, लाखेसारखी चकचकीत.
वरून आत, खालून बाहेर, ओढ.
फार ओढलं तर कडं कुरकुरतं, थोडं ओढलं तर तार ढिली पडते.
मधलं काय ते अंगठ्याला ठाऊक आहे,
त्यानं मला कधी सांगितलेलं नाही.

मोजते लॅटवियनमध्ये. चुकलं की शिवी रशियन.
ही कारखान्याची देणगी.
तिथं आम्ही एका ओळीत बावीसजणी,
आणि पाठीमागे झोया अर्खीपोव्हना, चपला न वाजवता फिरणारी.
आता त्या इमारतीत गालिचे विकतात.
मी एकदा गेले होते, माझी जागा शोधायला.
तिथं एक गुंडाळलेला गालिचा उभा होता.
तोही चांगला गुंडाळलेला होता, खोटं कशाला बोलू.

अठ्ठावीस, एकोणतीस,
आणि फोन वाजतो.
द्रोहेडाहून आइनार्स. गोदामातली मधली सुट्टी, अकरा मिनिटं.
आई, एका कड्याचे किती मिळतात?
साडेतीन युरो.
आणि वेळ?
वेळ मी मोजत नाही, वेढे मोजते.
तो हसतो. मग म्हणतो, मशीन घेऊन देतो.
मग म्हणतो, या नाताळला जमेल असं वाटत नाही.
मागून कुणीतरी हाक मारतं, त्याच्या नावाचा इंग्रजी चुराडा करून.

फोन ठेवल्यावर आकडा गेलेला असतो.
उलगडत नाही मी. नखानं पहिल्यापासून चाचपते,
जपमाळेसारखं म्हणतील कुणी,
पण मी देवाचं काही मागत नाही, फक्त आकडा.

हे धंद्यात नवीन येणाऱ्याला कळत नाही:
तो बाहेरचे वळसे मोजतो, आणि मीटरवर त्याला भलताच आकडा दिसतो.
मोजायचं असतं आतून.
तार छिद्रातून जितकी वेळा गेली, तितके वेढे.
नुसती सरळ गेली, वळली नाही, परतली नाही,
तरी तो एक.
झोया अर्खीपोव्हनानं पहिल्याच दिवशी
माझ्या बोटांतल्या रिकाम्या कड्यातून पेन्सिल आरपार घातली होती.
हा किती?
मी म्हटलं, शून्य.
ती म्हणाली, घरी जा आणि पुन्हा ये.

संध्याकाळ इथं चारलाच होते.
दिव्याखाली मीटर लावते. आकडा किंचित कमी.
वेढे नखानं जवळ सरकवते, आकडा चढतो.
फाकवले की उतरतो.
तार तीच, लांबी तीच,
केवळ शेजार बदलला.

उद्या पोस्टात लिगिता विचारेल, आत काय?
दरवेळी विचारते, तिला फॉर्म भरावा लागतो.
मी सांगते, कडी.
दागिने?
लिही दागिने. नको, थांब, कर लावतील.
सुटे भाग लिही.

बारावं कडं बंद केलं, टोकांची लाख पात्यानं खरवडली.
मग खिडकीतला मोजा जरा आत ढकलला.
गेल्या मे महिन्यात आला होता तो, एक रात्र,
रीगाहून उतरून, सकाळच्या बसनं परत.
चहासुद्धा उभ्यानं.
या दारातून आत, त्या दारातून बाहेर.

मी तो धरला आहे.