चिखलाचा आवाज

वरच्या मजल्यावर ती चौघं राहायला आली
तेव्हा मला वाटलं, विद्यार्थी असतील.
वाल्दिव्हियात विद्यार्थी नदीसारखेच,
येतात, वाहून जातात, भाडं राहतं.

पण मी पहाटे तीनला भट्टी पेटवायला उतरले
की लाकडी तक्तपोशीच्या फटीतून
त्यांचा निळा उजेड माझ्या पिठावर पडलेला असायचा.

"खेळ बनवतो आम्ही," रायेन म्हणाली.
चांगली घोडी झालेली माणसं. तीन वर्षं. एक खेळ.
मी काही बोलले नाही,
वहीत आठ पावांची उधारी मांडली.

खेळ असा: एक म्हातारा नावाडी
धुक्यातून माणसं पलीकडे सोडतो.
मारामारी नाही, गुण नाहीत, जिंकणं नाही.
"मग हरतं कोण?"
निबाल्दो म्हणाला, "आतापर्यंत तरी आम्हीच."

हिमेना नावाड्याची चाल काढायची.
एक पाऊल. खोड. परत एक पाऊल.
डावा पाय किंचित मागे रेंगाळायला हवा.
तिचा बाप बंदरात हमाल, गुडघा गेलेला.
तो वारला आणि पुढचे सात महिने
ती त्याला पडद्यावर चालायला शिकवत होती
हे बाकी तिघांना ठाऊक नव्हतं.
मला होतं. मयताच्या दिवशी पाव माझ्याकडूनच गेले होते.

एलिसेओचं पाणी.
नदी तो आकड्यांत लिहायचा
आणि संध्याकाळी मासळीबाजारामागे उभा राहून
खऱ्या नदीशी ताडून बघायचा.
समुद्रसिंह त्याच्याकडे पाहून जांभया द्यायचे.
एकदा त्याची नदी आभाळाकडे वाहू लागली.
दोन दिवस चूक सापडेना,
शेवटी एक वजाचं चिन्ह निघालं, केसाएवढं.
ते दोन दिवस तो इतका सुखी दिसत होता
की मी त्याला पाव फुकट दिला.

रायेन शब्दांची. नावेत बसणारा प्रत्येक जण
काय बोलेल, आणि कुठे बोलणार नाही, ते तिचं.
ऑगस्टात ती सांतियागोला गेली, मोठ्या कंपनीत.
तिथे युद्धाच्या खेळातल्या शिपायांच्या शिव्या लिहिते.
दर महिन्याला तिघांचं भाडं तिच्याकडून येतं,
चिठ्ठी नसते.

आणि निबाल्दो, कानाचा माणूस.
एका सकाळी केसाळ टोपी घातलेला माइक घेऊन खाली आला:
"ओर्तेन्सियाबाई, मळताना जरा गप्प बसाल?"
तीस वर्षांत माझ्या बेकरीत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.
दुसऱ्या कुणाची कणीक तिंबली असती मी.
त्याला चिखल हवा होता.
नदीकाठचा आणून पाहिला होता बादलीभर;
"खरा चिखल खोटा वाजतो," म्हणाला.
मग मी पाणी वाढवलं, पीठ सैल केलं,
आणि तासभर दोन्ही मुठींनी चालत राहिले.

खेळ बाजारात आला त्या आठवड्यात
तीनशे अकरा जणांनी घेतला.
वाटणी केली तर प्रत्येकी एक हिवाळी बूट,
तोही एकाच पायाचा.

रात्री त्यांनी पडदा आणून माझ्या मळायच्या फळीवर ठेवला.
माझी बोटं जाडी, बटणं बारीक.
नाव मी सरळ गाळात घातली.
कुणी हसलं नाही.
म्हातारा उतरला, निघाला,
डावा पाय किंचित मागे,
आणि त्याच्या तळव्याखाली
माझी पहाट वाजली, पचक, पचक.

हिमेना भट्टीकडे तोंड करून उभी होती.
काहीतरी करपत असल्यासारखी.

नंतर मी वही उघडली.
सहाशे बारा पाव बाकी.
खाली लिहिलं: चिखल, एक तास, वजा.
किती वजा, ती जागा
अजून कोरी आहे.