बूटपॉलिश

थीम ठरली मेसमध्ये, वांग्याच्या भाजीवर.
'जंगल नाइट,' श्रीरंग म्हणाला, आणि सगळ्यांनी ताटं वाजवली.
कुणाला खटकलं नाही. मला तर नाहीच.
मी खजिनदार होतो.
सीताबर्डीवरून बूटपॉलिशच्या चौदा डब्या मीच आणल्या,
घासाघीस करून.

घागऱ्यांसाठी झाडू सोडवले.
पानं तोडली प्राचार्यांच्या बंगल्यासमोरच्या अशोकाची,
पिसं सदरच्या कोंबडीवाल्याकडून, फुकट.
हाडं प्लास्टिकची.
'हूऽ हूऽ' कुणी शिकवलं ठाऊक नाही,
ते सगळ्यांना आधीपासूनच येत होतं.

माझा रूममेट मासा पुंगाटी,
भामरागडच्या पलीकडचा.
हजेरीत त्याचं नाव आलं की
मागच्या बाकावरून कुणीतरी बुडबुडे काढायचं,
सरसुद्धा हसायचे, रजिस्टरात बघत.
'तुला काय बे, तू असाच ये,'
असं त्याला जिन्यात कोण म्हणालं
ते सांगणार नव्हतो.
आवाज माझा होता.

तो आला. असाच आला:
पांढरा शर्ट, गादीखाली ठेवून घडी पाडलेला,
खिशाला पेन.
आम्ही चाळीस जण काळेकुट्ट, हातात बांबूचे भाले,
लाल कागद लावलेल्या टेबलफॅनला शेकोटी समजून
डिसेंबरच्या थंडीत
त्याच्याभोवती गोल गोल.

मग बक्षिसं. माइकवरून:
'बेस्ट कॉस्च्युम... मासा पुंगाटी!'
मांडव हलेल एवढं हसू.
तो स्टेजवर गेला, घाई न करता.
रिबन लावलेला स्टीलचा डबा हातात घेतला
आणि आश्रमशाळेतल्या शुद्ध मराठीत
माइकमध्ये विचारलं,
'कशाबद्दल?'

डीजेनं आवाज वाढवला.

रात्री दोनला बेसिनपाशी मी.
साबण, रॉकेल, कुणाचातरी शाम्पू. निघेना.
गळ्यापर्यंत लाल झालो होतो, वर काळाच.
मासानं ट्रंक उघडली.
मोहाच्या टोळीचं तेल,
आईनं औषधाच्या बाटलीत भरून दिलेलं,
गोठून पिवळं झालेलं.
तळव्यांवर चोळून पातळ केलं
आणि माझ्या तोंडाला लावलं, कानामागेसुद्धा.
'डोळे मीट. झोंबतं.'

सॉरी म्हणायचं होतं.
म्हटलं, 'वास मस्त आहे याला.'
तो म्हणाला, 'भाजीत घालतो आम्ही.
थोडं ठेव.'

परीक्षेनंतर त्यानं रूम बदलली.
डबा खिडकीतच राहिला.
मी वर्षभर त्यात साबण ठेवला.

आता घर गोंडवाना चौकापासून दोन सिग्नलवर.
रोज जातो तिथून.
पाटीवरचं नाव वाचायची गरज पडत नाही.

काल लेकीच्या शाळेचा मेसेज:
शुक्रवारी आदिवासी नृत्य.
पानांचा ड्रेस, चेहऱ्याला काळा रंग,
कृपया वेळेवर यावे.
पालकांच्या ग्रुपवर दोनदा लिहिलं,
दोनदा पुसलं,
मग सगळ्यांसारखा अंगठा दाखवला
आणि महालात ड्रेसवाल्याकडे गेलो.

त्यानं ट्यूब काउंटरवर ठेवली.
मी उलटीसुलटी करून पाहत राहिलो
तर म्हणाला,
'घ्या ना साहेब बिनधास्त.
आता पाण्यानंच निघते हा.'