बाटली क्रमांक सहा

चिखल हवा होता, जिवंत.
म्हणून ओहोटी साधून
दुर्भाटच्या खाजनात उतरले, गुडघाभर.
कायतानने मानशीची फळी अर्धी वर घेतली
आणि विचारलं,
"मातयेक कितें जालां? दुयेंत?"
म्हटलं, बरी आहे. तिला जेवायला घालायचंय.
तो हसला, विडी कानामागे खोचून.
मी बरणीत भरून घेतले
काही कोटी पाहुणे,
जेवणात काय आहे ते न सांगता.

जेवणात होता एक लाल रंग.
साड्यांना लावायचा. पाकिटावर ठळक अक्षरांत: पक्का.
पक्का म्हणजे किती पक्का,
हे आता पाण्याला विचारायचं.

फोंड्याच्या कॉलेजात, तळमजल्यावर,
जिथे मुंगसाचा सांगाडा कपाटातून बघत असतो,
तिथे सहा बाटल्या, काळ्या कागदात गुंडाळून,
बुचं मेणाने बंद.
अठ्ठावीस दिवस.
वीज गेली की मासळी बाजारातून बर्फ,
आणि मग दिवसभर माझ्या ओढणीला बांगड्यांचा वास.

सगळ्या बाटल्यांचं सांगत नाही.
पहिलीत नुसता चिखल आणि पाणी.
दुसरीत साखर होती,
पाहुण्यांना भूक आहे की नाही हे कळावं म्हणून;
तीन दिवसांत त्यांनी पंगत उठवली.
पाचवीत मी विष घातलं.
मेलेली बाटली म्हणतो आम्ही तिला, लाडाने.
तिचाही रंग उतरला असता
तर तो खाल्ला गेला नाही,
नुसता मातीला चिकटून बसला, असं समजायचं.

सहावीत रंग, आणि जिवंत चिखल.
दिवस चौथा: बदल नाही.
दिवस सातवा: बदल नाही.
दिवस अकरावा, आईचा फोन, स्थळ वास्कोचं, बदल नाही.

मग चिखलाने बाटलीतली हवाच संपवली
आणि ज्यांना हवा लागत नाही
ते तळाशी जागे झाले असावेत.
एकोणिसाव्या दिवशी कागद सोडला
तर आत सोलकढी.
बाविसाव्या दिवशी सोलकढीची विसळलेली वाटी.
पंचविसाव्या दिवशी काहीच नाही,
पलीकडचं घड्याळ वाचता येत होतं बाटलीतून.
मी धावत वर गेले, चप्पल खालीच.

वळवईकर मॅडम म्हणाल्या, थांब.
त्यांनी ते यंत्रातून काढलं.
कागदावर जिथे एक डोंगर होता
तिथे आता दोन टेकड्या.
"मधला सांधा तुटलाय, एवढंच," त्या म्हणाल्या.
"दोन्ही तुकडे आहेत. त्यांना रंग नाही,
म्हणून ते गेले असं आपल्याला वाटतं."

रात्री पाणपिसवा सोडल्या, प्रत्येक पेल्यात दहा.
सकाळी मोजल्या.
पहिलीच्या पाण्यात दहा.
ताज्या लाल पाण्यात दहा, टणाटण उड्या मारत.
सहावीच्या नितळ पाण्यात
तीन.
पुन्हा मोजल्या. भिंगाने.
एक हलली असं वाटलं, तो माझाच श्वास होता.

अहवालाच्या नमुन्यात एक रकाना आहे:
रंग गेला का? होय / नाही.
मी 'होय'भोवती गोल केला, कारण तो गेला होता.
खाली शेऱ्याला बोटभर जागा.
त्या जागेत काय काय मावतं
हे मी दुपारभर पाहत बसले.
शेवटी लिहिलं: निम्मं. आणि पिसवांचा आकडा.

रविवारी कायतानकडे गेले, बरणी परत द्यायला.
"खाल्लें?"
खाल्लं, म्हटलं, पण हाडं टाकली.
तो काही बोलला नाही.
भरती टेकली होती, मानस मिटलेली,
बांधाच्या सावलीत पाणी काचेसारखं.
"पळय, उदक कशें नितळ," तो म्हणाला,
आपल्याच घरातलं काही दाखवावं तसा.

मी वाकले.
तळ दिसत होता. एक फुटकं मडकं,
आणि मडक्याआडून
तिरकी तिरकी निघालेली कुर्ली.
सवयच लागलीय.
एक, म्हटलं मी मनात,
आणि दुसरीची वाट बघत तशीच वाकून राहिले.