चालक आहे, वाहक नाही

ग्रिम्सबीत नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार.
कीथ मॉअर, वय सत्त्याहत्तर, माझे घरमालक,
जिन्यावरून ओरडले : जहाजं गेली!

म्हणजे पडद्यावरची.
हंबरच्या तोंडाशी कोण नांगर टाकून उभं आहे,
कोण भरतीची वाट बघतंय,
हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही.
तीस वर्षं ट्रॉलरवर रेडिओ सांभाळला,
हवेवर तेवढा विश्वास पुरे झाला म्हणतात,
म्हणून या घरात वायर.
राउटरपासून गालिच्याखालून, जिन्याच्या कडेकडेने
वरच्या खोक्याएवढ्या खोलीपर्यंत,
त्यांनीच खिळे ठोकत नेलेली, करडी, वीस मीटर.

हाताला कणीक तशीच, मी वर गेले.
त्यांच्या जुन्या डब्यावर लिनक्स मीच घातलेलं,
तेव्हा दोषही आधी माझाच.

काळी खिडकी उघडली.
यंत्राला सांगितलं, आधी स्वतःलाच हाक मार.
उत्तर आलं, लगेच.
त्यात काय, स्वतःचं स्वतःला ऐकू येतंच.
मग राउटरला हाक.
काही नाही. पुन्हा. काही नाही.
कार्ड दिसतंय. त्याचा ड्रायव्हर चढलेला.
कालच्या अपडेटवर संशय घेतला,
जुन्या कर्नलवरून उठवून पाहिलं,
सेटिंगची फाइल ओळ न ओळ वाचली,
एक टिंब उगाच काढलं, परत ठेवलं.
आणि दर वेळी तेच, मोठ्या अक्षरांत :
नो कॅरिअर.

वाहक नाही.

हसूच फुटलं मला.
गारगोटी डेपोला आमचे सदूमामा वाहक होते,
छातीवर बिल्ला, बोटांना तिकिटांची शाई.
चालक केव्हाचा जागेवर, इंजिन थरथरतंय,
खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरलेल्या,
आणि मामा चहाच्या टपरीवर.
गाडी हलायची नाही.
रस्ता चालकाला पाठ असेल,
दोरी मामांच्या हातात.
एक टण म्हणजे थांब, दोन म्हणजे चल.

कीथना सांगितलं. इंग्रजीत गंमत निम्मीच उरली.
ते हसलेही नाहीत. म्हणाले,
बोटीवर सेट मुका झाला
की मी सेट उघडायचो नाही.
आधी बाहेर जायचो, गारठ्यात, तार बघायला.
तू दोन तास आतच बसलीयेस.

मग मी टेबलाखाली, गुडघ्यांवर.
धूळ, पेनाचं टोपण, शर्टाचं एक बटण.
पोर्टवरचे दोन्ही दिवे विझलेले.
प्लगची ती प्लॅस्टिकची जीभ, नखाएवढी, तुटलेली,
त्यामुळे वायर आत होतीही, नव्हतीही,
केसभर मागे सरकलेली.
दाबून धरली की उजेड, सोडली की काळोख.
धर की मग, कीथ म्हणाले, मी जहाजं बघतो.

आगपेटीतली काडी घेतली, गुल मोडलं,
पाचरीसारखी वरून सारली.
नारिंगी एकदा. थांबला.
मग हिरवा,
मिटला, उघडला. मिटला, उघडला.
टण टण.

यंत्राला पत्ता मिळाला, चार सेकंदांत.
मला या देशात अकरा महिने लागले होते.
विजेच्या बिलावर नाव येईपर्यंत
बँकेच्या लेखी मी कुठेच राहत नव्हते.

एकेक जहाज पडद्यावर उगवत गेलं.
कीथ नावं वाचत होते, सावकाश,
शाळेत हजेरी घेतात तशी,
आणि एका नावाशी जरा जास्त थांबले.
का, ते मी विचारलं नाही.

नवी वायर आणीन म्हणते, चार पौंडांची तर आहे.
तीन आठवडे झाले म्हणतेय.
त्या खोलीत झाडू घेऊन गेले की
खालून आवाज येतो : काडी सांभाळ!
एंटरच्या कळीवर कणकेचा डाग अजून आहे.
त्या रात्री पोळ्या पापडासारख्या कडक झाल्या.
कीथनी लोणी लावून चार खाल्ल्या.