कस्तुरीच्या बाजूचा दरवाजा

एक दरवाजा पुरे, असं माझं म्हणणं होतं.
दोघांपुरती गाडी, मोटारीमागं ओढायची,
आडव्या पडलेल्या थेंबाच्या आकाराची;
आत उभं राहता येत नाही, नुसतं निजता येतं.
तेवढ्यासाठी दोन्ही भिंतींना भोकं कशाला?

ती म्हणाली, रात्री मला दोनदा उठावं लागतं.
भिंतीकडची बाजू माझी म्हणून
बत्तीस वर्षं तुम्हाला ओलांडून उतरले पलंगावरनं.
आता चाकांवरसुद्धा तेच काय?

मोनाप्पानं कानावरची पेन्सिल काढली,
माझ्याकडं न बघता
प्लायच्या दुसऱ्या अंगावर रेघ मारली.

आधी तयार दरवाजे हिंडून बघितले.
कोल्हापूरच्या एकानं भाव सांगितला
तेव्हा फोन कानापासून लांब धरला.
उद्यमबागेच्या मागं हुक्केरीच्या भंगारात
ओमनीचा सरकता दरवाजा होता,
काचेवर शाळेचं नाव, अर्धं कानडी, अर्धं खरवडलेलं.
नेवा की ओ, म्हणाला, स्वस्तात लावतो.
पण सरकायला दरवाजाएवढीच मोकळी भिंत लागते,
आमची भिंत नेमकी तिथंच उताराला लागते.

मग अँब्युलन्सचा, मागचा. बिजागऱ्या अस्सल,
रबर जरा वाळलेलं, कडी एका बोटानं फिरणारी.
माझं मन बसलं होतं.
कस्तुरीनं पत्र्यावर हात ठेवला, म्हणाली,
आडवं होऊन आत जायचं, ते ह्या दारातनं?
एवढी घाई नाही मला.

शेवटी घरीच करायचे ठरले.
खानापूरच्या जुन्या सागवानी चौकटीच्या पट्ट्या,
वर प्लाय, मध्ये थर्माकोल.

मी फौंड्रीत साचे करणारा माणूस.
बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक,
म्हणून साचा तेवढा मोठा करायचा,
त्यासाठी पट्टीच वेगळी असते, जरा ताणून आखलेली.
इंच इंचापेक्षा मोठा.
चाळीस वर्षं ती खिशात होती.
त्या दिवशीही तीच होती, हे मला
दार भोकाला लावल्यावर कळलं.

नऊ मिलिमीटर.
मोनाप्पानं रंधा शोधायचं निमित्त काढलं.
कस्तुरी चहा घेऊन आली, उभ्या दाराकडं बघितलं,
भोकाकडं बघितलं, आणि अगदी साधेपणानं विचारलं,
थंड झालं की बसेल काय?

दोन संध्याकाळी रंधत होतो.
दाराच्या सगळ्या बाजूंनी पाच मिलिमीटर सोडले रबरासाठी,
बसच्या बॉडीला लावतात तसलं पोकळ, वीतभर जास्तच आणलं.
बिजागऱ्या पुढच्या अंगाला:
रस्त्यात कडी निसटली तर वारा दार दाबून धरतो,
उलटी बसवली तर उपटून नेतो.
वर पागोळीसाठी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवली,
ती तीनदा वाकवली.
कडीची उंची कस्तुरीच्या गुडघ्यावरून घेतली,
ती आत बसून म्हणाली, इथं, अंधारात हात आपसूक येतो.

पाण्याआधी उजेडानं तपासायचं, हे मोनाप्पाचं.
उजेड जिथनं बाहेर, पाणी तिथनं आत.
अमावास्या जवळ होती, गल्लीतला दिवाही गेलेला.
ती बॅटरी घेऊन आत, दोन्ही दारं लावून,
मी बाहेर खडू घेऊन, वाकून, गाडीभोवती.

बेळकु बंतेनु? आतनं आवाज.
आला. तुझ्या पायाकडं, खालच्या कोपऱ्यात.
खडूची खूण. रबर उचकटलं, पुन्हा चिकटवलं.
आत्ता?
केसाएवढा. बिजागरीमागं.
आत्ता?

आत्ता काहीच दिसेना.
गाडीच दिसेना.
मी माझ्या दाराशी उभा, खडू बोटांत,
मोठ्यानं म्हटलं, झालं, ये बाहेर,
आणि बाजूला सरकलो, तिला उतरायला जागा करून.

दार उघडलंच नाही.
पलीकडच्या अंगाला कडीचा आवाज झाला, एकच,
आणि चपला शोधणारे पाय.