गळती

अल नहदातली बावीस मजली इमारत. ऑगस्ट.
कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंती नारिंगी,
पश्चिमेच्या काचा पार पांढऱ्याफटक,
आणि तळघराच्या मागल्या दाराखालून
बाहेर आलेली एक निळी जीभ.

बोटभर फट. गार हवा चाललीय वाया.
मी टिपलं: रबरी पट्टी, चाळीस दिरहम,
दोन महिन्यांत वसूल.

कॅमेरा जरा सरकवला तर
निळ्याच्या कडेला दोन लाल तळवे.
मोतालेब.
कचऱ्याच्या गाड्या ओढून झाल्यावर
दाराला पाय लावून निजलेला, चपला उशाला.
"इधर ठंडा है, साब,"
म्हणाला आणि कूस बदलली.

रात्री अहवाल. तक्ता सातवा.
मधेच आईचा फोन:
"फार उकडतं का रे तिकडं?"
"नाही गं, मी आतच असतो."

तळघराच्या ओळीशी येऊन थांबलो.
प्राधान्य: उच्च, मध्यम, कमी.
मी 'कमी' लिहिलं.
एवढंच जमलं.

पण चाळीस दिरहमची तर पट्टी.
वाचणारा म्हणेल,
हे आधी उरकून टाका.