पाय कोणाचा

तिस्कावर, कायतानच्या गॅरेजात,
गिअरबॉक्स उतरवून ठेवलाय फणसाच्या ओंडक्यावर.
जुनी क्लचप्लेट त्याने माझ्या तळहातावर ठेवली.
रिव्हेटांपर्यंत झिजलेली, कडेला निळी,
आणि वास अजून तोच, दूधसागरच्या वाटेवरल्या
दुसऱ्या ओहोळातला: मागे सात पर्यटक,
चाक दगडांत, आणि मी
अर्ध्या पायावर जीप तोलून धरलेली.

"सगळ्यात कडक दे," मी म्हटलं,
"तांब्याच्या बटणांची."
कायतानने ती काढली, फुंकर मारली,
परत खोक्यात घातली.
"ही नुसती धरते रे.
पाण्यात थोडं घसरावं लागतं, ते हिला ठाऊक नाही.
मग गिअरचे दात जातात.
शिवाय वरची स्प्रिंग दगडासारखी.
पाय कोणाचा?"

माझा, म्हणणार होतो.
पण गुडघा मे महिन्यातच बोलून गेला होता,
आणि पाऊस सरल्यावर गाडी रेवती चालवणार
हे मी घरीसुद्धा अजून नीट उच्चारलं नव्हतं.
ती तिकडे, चपला काढून,
दुसऱ्याच कुणाच्या जीपचा पेडल दाबून पाहत होती.
तीनदा. मग चौथ्यांदा, सावकाश सोडत.

मधली प्लेट घेतली.
जुन्या शाफ्टचा तुकडा खुपसून कायतानने
तिला बरोबर मध्यावर आणलं,
समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळले.
शेवटचा पाना रेवतीच्या हातात.

"अजून अर्धा फेरा," मी म्हटलं.
"नको," ती म्हणाली, "बसलाय."
कायतान ग्रीसचा डबा शोधत राहिला,
जो त्याच्या समोरच होता.